लाकडी चॉपिंग बोर्डात जंतू मुरतात, मग?

‘लाकडात जंतू मुरतात, प्लॅस्टिकचाच बोर्ड घ्या’ हे वर्षानुवर्षं ऐकतोय. मुरतात, खरंच. पण आत गेल्यावर ते वाढत नाहीत, हळूहळू मरतात. अमेरिकेत अन्नसुरक्षेचे संशोधक डीन क्लायव्हर यांनी १९९०च्या दशकात हे तपासलं. नवं प्लॅस्टिक सहज साफ झालं, पण सुरीचे चरे पडलेलं, त्यात कोंबडीची चरबी लागलेलं प्लॅस्टिक हाताने घासून निघेना. चरे पडलेलं लाकूड मात्र जवळपास नव्यासारखंच वागलं. तरी कच्च्या मासळी-मटणाला बोर्ड वेगळाच हवा.

घ्यायचा तर सागवान किंवा शिसव. सिंकमध्ये भिजत टाकू नका, धुऊन उभा वाळवा. आणि गोडेतेल चोळायचा तो लाडका सल्ला? खवट वास येतो हो! औषधाच्या दुकानातलं साधं लिक्विड पॅराफिन, म्हणजे खवट न होणारं खनिज तेल, चोळा.