तिकिटावरचे साडेचार तास आणि आभाळातले दहा

जानेवारीत, तुरीच्या सोंगणीत, शेजारच्या काकूंची लेक शिकायला लंडनला गेली. तिकिटावर होतं: मुंबईहून दुपारी २.००, लंडनला संध्याकाळी ६.३०. काकू म्हणाल्या, "माय वं, साडेचार तासात लंडन? आपल्याले एसटीनं नागपूरले जाले तेवढाच टाईम लागते!" आणि साडेसहाला तुळशीपाशी दिवा लावला तेव्हापासून त्या फोन हातात धरून बसल्या. फोन येईना, जीव थाऱ्यावर नाही.

घोळ दोन वेगळ्या वेळांचा आहे. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावच्या घड्याळाची असते, पोचायची वेळ पोचायच्या गावची. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. म्हणजे तिथले साडेसहा आपल्याकडचे रात्रीचे बारा. दोनपासून बारापर्यंत दहा तास, हा खरा प्रवास. (मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचाच राहतो.)

परतीच्या तिकिटावर उलटंच दिसतं. लंडनहून सकाळी दहाला निघालेलं विमान मुंबईत रात्री साडेबाराला उतरतं. वजाबाकी केली तर साडेचौदा तास. त्यातले साडेपाच काढले की उरतात नऊ.

अंतर तर तेच, सरळ मोजलं तर सुमारे ७,२०० किलोमीटर. मग जाताना दहा अन् येताना नऊ कसे? वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. येताना तो पाठीवर, जाताना तोंडावर. म्हणून नुसत्या किलोमीटरवरून तास काढू नयेत. नागपूर-मुंबई हवेतून जेमतेम ७०० किलोमीटर. विमानाच्या वेगाने तासाच्या आत व्हायला हवं, पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं धरून तिकिटावर दीड तास असतो.

घड्याळात असा फरक का, हे आपल्या विदर्भातही कळतं. गडचिरोलीत सूर्य बुलढाण्यापेक्षा साधारण पंधरा मिनिटं आधी डोक्यावर येतो. एका रेखांशाला चार मिनिटं, असा तो हिशेब. आपण देशभर एकच घड्याळ लावतो म्हणून तो फरक जाणवत नाही. लंडनपर्यंत तोच साचत जातो.

तेव्हा घरच्यांनी आधी दोन्ही वेळा आपल्या घड्याळात आणाव्यात, मगच वजाबाकी करावी. काकूंना मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून दिलं: निघाली दोनला, उतरणार बाराला, मग पासपोर्टची रांग, सामान, फोन एकनंतर. तोवर साडेसात वाजले होते. पोरगी अजून अर्ध्या वाटेवर होती. काकूंनी फोन खाली ठेवला आणि भाकरी टाकायला घेतल्या.