मायकोरायझा (नाशिकच्या शेतीतील)

वनस्पतीची मुळे आणि त्यांत वाढणारी बुरशी यांचे सहजीवन. ही संज्ञा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बेर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये रूढ केली. बहुसंख्य पिकांत यातला आर्बस्क्युलर हा प्रकार आढळतो. बुरशी मुळाच्या पेशींत शिरते, तिथे तिला झाडासारख्या सूक्ष्म फांद्या फुटतात आणि देवघेव त्यांतूनच चालते. वनस्पती साखर व स्निग्ध पदार्थ देते, बुरशी स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त आणून देते. स्फुरद मातीत जागचे फारसे हलत नाही. मुळालगतचा काही मिलिमीटरचा साठा संपला की मूळ अडते. बुरशीचे तंतू त्या पट्ट्याच्या पलीकडे पोचतात.

कोकण किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या धरून ठेवणाऱ्या मर्यादावेलीच्या मुळांतही हीच बुरशी असते. नव्या मुळांबरोबर ती पसरते, वाढ मंदावली की बीजाणूंच्या रूपाने वाळूत टिकते. तिथला हंगाम पाऊस ठरवतो. नाशिक जिल्ह्यात हा हंगाम बराचसा शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि म्हणूनच इथे या विषयाकडे नीट लक्ष द्यायला हवे.

निफाड-लासलगावचा कांदा याचे सर्वांत ठळक उदाहरण. कांद्याची मुळे उथळ आणि विरळ, त्यांवर मूलरोम, म्हणजे मुळांवरचे बारीक केस, जवळजवळ नसतात. त्यामुळे स्फुरदासाठी हे पीक बुरशीवर फार विसंबते. इथल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधले जाते, तेव्हा ही गरज आणखी वाढते. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. पावसाळ्यात मका किंवा सोयाबीन असलेल्या रानात उन्हाळ कांद्याच्या रोपाला ती तयार मिळते. कोबी-फ्लॉवरच्या मुळांत मात्र ती वस्ती करत नाही. त्यांच्यामागून लावलेल्या कांद्याला, तसेच बराच काळ उघड्या पडलेल्या रानातल्या कांद्याला, उरलेल्या बीजाणूंवरच भागवावे लागते. वारंवार रोटाव्हेटर फिरवल्याने तंतूंचे जाळे तुटते. स्फुरदयुक्त खत भरमसाट दिले तर वनस्पतीच बुरशीला मुळांत कमी थारा देते.

द्राक्षवेलीलाही मूलरोम कमीच. वेल बहुवर्षायू असल्याने बुरशीला दरवर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (फळे काढून झाल्यावरची) आणि पावसाळ्याच्या अखेरीस फळ छाटणी झाली की पुढे फुटणारी पांढरी मुळी हीच बुरशीच्या नव्या प्रवेशाची जागा. त्या काळात ओलावा टिकला पाहिजे.

बाजारात मिळणारी मायकोरायझाची पावडर जिवंत मुळांवरच वाढवावी लागते. ट्रायकोडर्मा ही वेगळी बुरशी आहे, ती मुळाशी अशी देवघेव करत नाही. रोपांची मुळे मायकोरायझात बुडवायची आणि त्याच वेळी कार्बेन्डाझिमच्या द्रावणातही, हा खर्च वाया जातो: हे बुरशीनाशक उपयोगी बुरशीलाही दाबते.