ग्रामीण व शहरी आरोग्यनिधीतील तफावत (महाराष्ट्र)

सार्वजनिक आरोग्यसेवेसाठी खेड्याला आणि शहराला मिळणाऱ्या पैशांतला, तसेच तो खर्ची घालण्याच्या कुवतीतला फरक.

तफावतीचे मूळ बऱ्याच अंशी स्थानिक संस्थांच्या तिजोरीत आहे. मुंबई महापालिकेला मालमत्ता कर आणि जकात (२०१७ पासून जकातीऐवजी जीएसटी भरपाई) असे भक्कम उत्पन्न. त्यावर केईएम, नायर, शीव ही रुग्णालये चालतात आणि आरोग्यावरची वार्षिक तरतूद अलीकडे ७,००० कोटींच्या पुढे गेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे ज्यांच्याकडे आहेत त्या जिल्हा परिषदांचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे. पगार असो की औषधे, अनुदानाची वाट पाहावी लागते.

सपाट भागात ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० मागे एक. निकष डोक्यांचा आहे, अंतराचा नाही. मेळघाटात किंवा धडगावात विखुरलेल्या पाड्यांवर पोचायला जे डिझेल लागते, ते या हिशेबात नीट बसत नाही.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये अबंधित निधी दिला. खाते नर्सबाई आणि सरपंच यांच्या संयुक्त नावाने. पडदा, बल्ब, बीपीच्या यंत्राची दुरुस्ती, अडलेल्या बाळंतिणीसाठी भाड्याची जीप, सारे त्यातच. रक्कम किरकोळ, पण वरच्या मंजुरीची वाट न पाहता खर्च करता येणारी, म्हणून मोलाची. हप्ता उशिरा आला की मात्र ‘मार्चएण्ड’च्या आत उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला) देण्याची धांदल उडते.

कागदावर खेड्याचे पारडे कधी कधी जड दिसते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी देशभरातील स्थानिक संस्थांना सुचवलेल्या ७०,०५१ कोटींच्या आरोग्य अनुदानात ग्रामीण वाटा ४३,९२८ कोटी, म्हणजे सुमारे ६३ टक्के. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण लोकसंख्या जवळपास ६९ टक्के होती. तेव्हा दरडोई पाहिले तर इथेही शहरच पुढे.

शिवाय पैसा डॉक्टरच्या मागे जातो. देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत २०२१-२२ मध्ये गरजेच्या मानाने सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. भूलतज्ज्ञ नसला की शस्त्रक्रियागृह बांधूनही कुलूपबंद राहते. राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही हेच होते: रुग्ण तालुक्याचा, पण दाव्याची रक्कम बहुधा शहरातल्या रुग्णालयाच्या खात्यात. सोबत आलेल्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी कोणत्याच पॅकेजमध्ये नसते.