सदराचे स्ववितरण

लेखकाने आपले सदर एकाच वृत्तपत्राच्या पदरी न बांधता, मध्यस्थाशिवाय, एकाच वेळी अनेक वृत्तपत्रांना स्वतः पुरवण्याची पद्धत. हेच काम करणाऱ्या संस्थेला सिंडिकेट म्हणतात, अमेरिकेत एस. एस. मॅक्क्लुअर यांनी १८८४ मध्ये असे सिंडिकेट सुरू केले. भारतात कुलदीप नय्यर (१९२३–२०१८) यांचे सदर अनेक भाषांतील वृत्तपत्रांत छापले जाई. विदर्भातल्या तालुक्याच्या साप्ताहिकाला मात्र सिंडिकेट परवडत नाही. तिथे लेखकच आपला हमाल आणि लेखकच आपला वसुली कारकून.

या पद्धतीला विदर्भाचा भूगोल सोयीचा आहे. अमरावती आणि नागपूर विभागांत मिळून ११ जिल्हे. जिल्ह्याजिल्ह्याला स्थानिक दैनिके, त्याखाली साप्ताहिके. पुसदचा वाचक गोंदियाचे साप्ताहिक चाळत नाही, म्हणून तोच मजकूर दोन्हीकडे छापला तरी शिळा ठरत नाही. अडचण येते ती जिल्हा आवृत्त्या काढणाऱ्या मोठ्या दैनिकांशी. त्यांचा अंक सगळीकडे जातो, तेव्हा ‘आमच्याकडे लिहायचं तर दुसरीकडे नाही’ ही अट त्यांच्या बाजूने रास्तच म्हणावी लागते.

तरी एकच मजकूर सगळीकडे जसाच्या तसा चालत नाही. यवतमाळ-अकोल्याकडे कापूस, सोयाबीन, तूर, वरुड-मोर्शीला संत्री, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धान. पावसाळा सरताना यवतमाळच्या शेतकऱ्याला गुलाबी बोंडअळीची धास्ती असते, तेव्हा भंडाऱ्याचा शेतकरी धानावरच्या तुडतुड्याने हैराण असतो. बोलीचेही तसेच. ‘मले’, ‘तुले’, ‘करून राह्यलो’ अशा वऱ्हाडी ठसक्याचे सदर अकोल्यात हशा पिकवते. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीच्या मुलखात ते परके वाटू शकते. त्यावर साधा उपाय असा की गाभा तोच ठेवून पहिला परिच्छेद जिल्ह्यापुरता बदलायचा. याला कष्ट पडतात, पण वाचक टिकतो तो याच परिच्छेदावर.

सर्वांत मोठा लाभ हक्काचा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीत नसलेला लेखक, वेगळा करार नसेल तर, आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. म्हणून संपादकाला मजकूर देताना ‘एकदा छापण्याची परवानगी, इतर हक्क लेखकाकडे’ एवढी ओळ पत्रात असावी. मग पुढे त्याच सदरांचे पुस्तक काढायला कोणाच्या दारी जावे लागत नाही.

पैशाचा लाभ सांगितला जातो तेवढा नाही. छोट्या साप्ताहिकाचा गाडा शासकीय जाहिराती, नोटिसा, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि दिवाळी अंक यांवर चालतो. मानधन थकते, पुष्कळदा अंकाची प्रत हेच मानधन. दहा ठिकाणांहून थोडेथोडे येते तेव्हा निदान एकाने बुडवल्याने चूल विझत नाही.

दुसरा लाभ क्वचितच बोलला जातो. गावात जिनिंगचा मालक, बाजार समितीचा संचालक आणि जाहिरातदार हे अनेकदा एकच माणूस असतात. कापसाच्या मापातल्या कटतीवर, म्हणजे वजनातून केलेल्या कपातीवर, लिहिलेला लेख त्या तालुक्याचा संपादक बाजूला ठेवील, आणि त्यालाही दोष देता येत नाही. तोच लेख शेजारच्या जिल्ह्यात छापून येतो आणि कात्रण होऊन परत गावात पोहोचतो.

तंत्रात खोडी टंकाची, म्हणजे फॉन्टची. काही छापखाने अजून युनिकोडपूर्व टंकांवर पाने लावतात. रूपांतरात ‘ऱ्ह’, ‘ह्य’सारखी जोडाक्षरे फुटतात आणि वऱ्हाडीत तर तीच जास्त. त्यामुळे मजकुरासोबत पीडीएफ पाठवणे बरे.

जोखीमही वाटून घेता येत नाही. मजकूर बदनामीकारक ठरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली लेखक अडकू शकतो, आणि सदर चार जिल्ह्यांत छापलेले असेल तर तक्रारही चारही जिल्ह्यांतून येऊ शकते. मोठ्या दैनिकात मजकूर चाळायला निदान डेस्क असतो. इथे नाव-गाव आणि आकडे पुन्हा तपासणारा दुसरा माणूस लेखकाला स्वतःच शोधावा लागतो. बहुधा तो गावातला निवृत्त मास्तर असतो.