सिक्कीमच्या आमदाराचं मत ७ चं, यूपीच्याचं २०८ चं, मग अन्याय झाला का?

राष्ट्रपती निवडणूक आली की व्हॉट्सॲपवर हे हमखास फिरतं, वर 'छोट्या राज्यांची थट्टा' वगैरे. अहो, हिशोब तर बघा! १९७१ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या घ्यायची, निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायची, परत १००० ने भागायची, झालं, हेच एका आमदाराच्या मताचं मूल्य. महाराष्ट्रात तेव्हा ५ कोटी ४ लाख लोक, आमदार २८८, म्हणून प्रत्येकी १७५, गोव्यात २०. सिक्कीमची लोकसंख्याच इवलीशी, तर मत मोठं कुठून येणार? (विधान परिषदवाल्यांना तर मतच नसतं, ते कोणी फॉरवर्ड करत नाही.) खरी गडबड १९७१ मध्ये आहे, आकडे तिथेच गोठवलेत, त्यामुळे नंतर लोकसंख्या भरमसाट वाढलेल्या यूपी-बिहारचंच वजन उलट कमी पडतंय.