टॉर्कचा कळस आला की गिअर टाका? नाही!

सोलापुरात सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत कुठल्याही गॅरेजात विचारा, ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ ४०२ मीटरच्या बाइक शर्यतीसाठी, सल्ला एकच मिळतो: 'टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) जिथं सर्वात जास्त, तिथंच गिअर बदल.' वर्षानुवर्षं पोरं हे ऐकून ४०२ मीटरमध्ये वेळ घालवतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गणित चौथीतलं आहे.

गाडी ढकलतो तो चाकावरचा टॉर्क, म्हणजे इंजिनचा टॉर्क गुणिले गिअरचं प्रमाण (चेनचं प्रमाण सगळ्या गिअरना सारखंच, म्हणून ते सोडून देऊ). समजा, ६,५०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) इंजिन २० न्यूटन-मीटर देतंय, हाच त्याचा कळस. पहिला गिअर २.८, दुसरा १.८५. पहिल्यात मिळतात ५६. दुसऱ्यात इंजिन अगदी कळसावर असलं तरी ३७ च. ९,००० ला टॉर्क घसरून १५ झाला, तरी पहिल्यात ४२ उरतात! मग ६,५०० ला गिअर टाकून आरपीएम ४,३०० वर का पाडायचा?

पुढच्या गिअरमध्ये चाकाला जास्त जोर मिळू लागेल, तो खरा क्षण. तो बहुधा कमाल पॉवरच्या पुढेच येतो. पहिल्या गिअरमध्ये कधीकधी तो येतच नाही आणि रेडलाइनपर्यंत (इंजिनच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत) खेचावं लागतं. वरचे गिअर जवळजवळचे असतात, म्हणून तिथं थोडं आधी बदललेलं चालतं. थोडक्यात, प्रत्येक गिअरचा आकडा वेगळा.

डायनोचा (टॉर्क-पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख असेल तर कागदावर मांडा. नसेल तर बंद ट्रॅकवर, हेल्मेट घालून, दरवेळी २०० आरपीएम पुढेमागे करत वेळ मोजा. विजापूर रोडवर नाही.