थिन क्लायंट आणि आभासी डेस्कटॉप : मोठ्या यंत्रणेचे नियोजन

टेबलावर पूर्ण संगणक न ठेवता पडदा, कीबोर्ड, माउस आणि एक छोटी डबी एवढेच ठेवायचे आणि त्या माणसाचा डेस्कटॉप डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालवायचा, अशी ही पद्धत आहे. डबीला थिन क्लायंट म्हणतात. सर्व्हरवर प्रत्येकासाठी वेगळा आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला, संगणक चालत असेल, तर त्या रचनेला व्हीडीआय (व्हर्च्युअल डेस्कटॉप इन्फ्रास्ट्रक्चर) म्हणतात. बँकांच्या शाखा, कॉल सेंटर, रुग्णालये, महाविद्यालयांच्या लॅब अशा ठिकाणी ती वापरली जाते. वीसेक जागांची यंत्रणा एखादा जाणकार माणूस अंदाजाने उभी करू शकतो, हजार जागांची नाही. आधी हजार टेबलांवर विखुरलेला भार आता एका खोलीत येतो आणि सकाळी दहा वाजता सगळा एकदमच येतो. म्हणून मोठ्या यंत्रणेचे नियोजन दिवसाच्या सरासरीवर करून भागत नाही; ते दिवसातल्या सर्वांत वाईट पंधरा मिनिटांसाठी करावे लागते.

मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या केंद्रीय संगणकांच्या, काळातली टर्मिनल्स (नुसता पडदा आणि कीबोर्ड) हे या पद्धतीचे पूर्वज. विंडोजच्या जगात ती आणली सिट्रिक्स या कंपनीने, १९९५ च्या विनफ्रेममधून. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांनी १९९६ च्या सुमारास ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा मोठा पुरस्कार केला, पण पीसी झपाट्याने स्वस्त झाले आणि ती लाट ओसरली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टने जुन्या, टाकाऊ ठरलेल्या पीसींना टर्मिनल बनवून शाळांचे मोठे काम केले. व्हीडीआयने जोर धरला तो २००६ नंतर, व्हीएमवेअरसारख्या कंपन्यांच्या आभासीकरणाच्या तंत्रावर.

पहिला निर्णय वाटणीचा. एकाच सर्व्हर विंडोजवर अनेकांना सेशन, म्हणजे त्याच विंडोजमध्ये कामाचा वेगळा कप्पा, द्यायचे, की प्रत्येकाला स्वतंत्र आभासी संगणक? सेशनच्या पद्धतीत त्याच सर्व्हरवर बरीच जास्त माणसे बसतात, पण एखाद्याचा प्रोग्रॅम बेफाम झाला की शेजाऱ्यांचेही काम मंदावते. स्वतंत्र संगणकात हा त्रास कमी आणि मेमरीचा खर्च जास्त. दुसरा निर्णय टिकाऊपणाचा : डेस्कटॉप कायम त्याच माणसाचा राहणार, की लॉगआउटनंतर पुसून मूळ प्रतीवरून, म्हणजे गोल्डन इमेजवरून, नवा तयार होणार? दुसऱ्या प्रकारात देखभाल फार सोपी होते. मात्र माणसाची सेटिंग्ज आणि फाइली वेगळ्या प्रोफाइलमध्ये ठेवाव्या लागतात, आणि लॉगिनला लागणाऱ्या वेळेचे बहुतेक दुखणे त्या प्रोफाइलमध्येच असते. मोठ्या संस्थेत या प्रकारांचे मिश्रणच लागते. काउंटरवरच्या कारकुनाला आणि विश्लेषण विभागातल्या माणसाला एकाच मापाचा डेस्कटॉप देणे ही पैशाची नासाडी आहे.

खरेदीआधी मोजमाप हवे. सध्याच्या पीसींवर मोजणी करणारा प्रोग्रॅम टाकून कोण किती मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क वापरतो ते किमान महिनाभर पाहावे. त्यात महिनाअखेर यायलाच हवी. बँकेसाठी काम असेल तर ३१ मार्चच्या आठवड्याची आकडेवारी मिळवावी, कारण एरवीच्या मोजणीतून त्या आठवड्याची कल्पना येत नाही.

हजार स्वतंत्र डेस्कटॉपचे गणित असे मांडता येते. प्रत्येकी ४ जीबी धरली तर सुमारे ४ टीबी मेमरी. प्रत्येकी २ आभासी प्रोसेसर आणि एका खऱ्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणना करणाऱ्या घटकावर) असे ५ बसवले तर ४०० कोअर, म्हणजे ६४ कोअरचे ७ सर्व्हर. एक बंद पडला तरी काम चालावे म्हणून आठवा. माझ्या मते नववाही घ्यावा, कारण एखादा सर्व्हर अपडेटसाठी खाली असतानाच दुसरा बिघडू शकतो. हे आकडे फक्त सुरुवातीचे. मोजमाप हाती आले की बदलतात.

डिस्कचे गणित मात्र अनेक प्रकल्पांना बुडवून गेले आहे. साधे कार्यालयीन काम करणारा डेस्कटॉप सेकंदाला साधारण १० वेळा डिस्कला हात लावतो असे धरू, आणि त्यातले ८० टक्के काम लिहिण्याचे. हजार डेस्कटॉपचे झाले १०,००० : २,००० वाचन, ८,००० लेखन. रेड-५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी माहिती वाचावी म्हणून अनेक डिस्क जोडण्याची एक रचना) एका लेखनासाठी डिस्कवर चार कामे होतात, त्यामुळे प्रत्यक्ष भार ३४,००० वर जातो. मिनिटाला १५,००० फेरे घेणारी वेगवान हार्ड डिस्क सेकंदाला अशी १८० च्या आसपास कामे करते. म्हणजे जवळजवळ १९० डिस्क! रेड-१० या दोन प्रती ठेवणाऱ्या रचनेत एका लेखनाला दोनच कामे, तरीही १०० डिस्क लागतात. नुसत्या साठवणीच्या जागेचा हिशेब मांडणाऱ्याला वीसेक डिस्क पुरेशा वाटायच्या आणि पहिल्याच सोमवारी सगळे गोठायचे. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क, आल्यावर ही कोंडी बरीच सुटली. पण जागा किती हे विचारायच्या आधी वेग किती हे विचारायचे, हा क्रम आजही तोच आहे.

सकाळची झुंबड टाळायला डेस्कटॉप पहाटेपासून टप्प्याटप्प्याने सुरू करून ठेवतात. अँटिव्हायरसचे साप्ताहिक स्कॅनिंग सगळ्या यंत्रांवर दुपारी एकला ठरलेले असेल तर ते बदलावे लागते. एकट्या पीसीवर निरुपद्रवी असलेली ती सवय इथे पूर्ण सर्व्हर ठप्प करते. आयपी पत्त्यांचेही तसेच. विंडोजच्या डीएचसीपीमध्ये (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेत) पत्ता मुळात आठ दिवसांसाठी दिला जातो. रोज रात्री पुसले जाणारे हजार डेस्कटॉप दर वेळी नवा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) घेऊन उभे राहत असतील, तर आठ दिवसांत आठ हजार पत्ते अडकतात. मग डेस्कटॉप सुरू होतो पण नेटवर्कवर येत नाही, आणि दोष सर्व्हरमध्ये शोधला जातो. मुदत काही तासांवर आणली की प्रश्न मिटतो.

कार्यालयीन कामाला प्रत्येकी २०० केबीपीएसच्या आसपास लाइन पुरते. चाळीस जणांच्या शाखेला ८ एमबीपीएस झाले, पण दोघांनी व्हिडिओ लावला की हा हिशेब कोसळतो. वेगाइतकाच विलंब महत्त्वाचा : जाऊन-येऊन १५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की टाइप केलेले अक्षर उशिरा उमटते आणि लोक चिडतात. लाइन तुटली की थिन क्लायंटवर काहीच करता येत नाही, म्हणून दोन लाइन हव्यात. त्या दोन कंपन्यांच्या असून एकाच चरातून आल्या असतील तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. मार्ग प्रत्यक्ष जाऊन पाहावा. व्हिडिओ कॉलसाठी चित्र आणि आवाज सर्व्हरला वळसा घालून थेट डबीवर हाताळणारी सोय असते. ती निवडलेल्या मॉडेलवर चालते का, हे खरेदीआधी तपासावे.

भारतात सर्वांत जास्त वेळ जोडउपकरणे खातात. पासबुक प्रिंटर, चेक स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सहीचे यूएसबी टोकन यांतले प्रत्येक दूरच्या सेशनमध्ये चालवून पाहिल्याशिवाय यादीवर खूण करू नये. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत मराठी टायपिंगची चाचणीही तितकीच गरजेची आहे. कोणी इनस्क्रिप्ट या प्रमाणित मांडणीवर लिहितो, कोणी टाइपरायटरच्या मांडणीवर, कोणाकडे युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधली जुनी पत्रे असतात. कीबोर्डची मांडणी डबीवर लागू करायची की सेशनमध्ये, हे एकदा ठरवून ‘ऱ्या’, ‘र्‍हास’, ‘ज्ञ’ अशी अक्षरे टाइप करून घ्यावीत. हे राहून गेले तर आस्थापना विभागाचे काम पहिल्याच दिवशी थांबते.

खर्चाबाबत स्वच्छ बोलायला हवे. खरेदीत बचत क्वचितच होते. डबी पीसीपेक्षा स्वस्त असली तरी सर्व्हर, साठवण आणि लायसन्स तो फरक खाऊन टाकतात. विंडोजचा आभासी डेस्कटॉप थिन क्लायंटवरून वापरायला वेगळा हक्क विकत घ्यावा लागतो, आणि तो अंदाजपत्रकातून हमखास सुटतो. बचत होते ती देखभालीत आणि टेबलावरच्या विजेत. डबी साधारण ५ ते १५ वॅट घेते, त्यामुळे भारनियमनाच्या भागात तोच यूपीएस कितीतरी जास्त वेळ टिकतो. पुरवठादाराची जोखीमही धरावी. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतली आणि २०२४ मध्ये तिचा डेस्कटॉप विभाग ओम्निसा या नावाने वेगळा झाला. पाच-सात वर्षांसाठी केलेल्या नियोजनात अशी उलथापालथ मध्येच येऊ शकते.

माहिती डबीत राहत नाही, हा सुरक्षेचा मोठा फायदा. चोरीला गेलेल्या डबीतून काही हाती लागत नाही. पण हल्ल्याचा रोख मग बाहेरून आत येण्याच्या प्रवेशद्वारावर वळतो. डिसेंबर २०२१ मधल्या लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअर घटकाच्या त्रुटीने व्हीएमवेअरच्या होरायझन या आभासी डेस्कटॉप प्रणालीचे सर्व्हर उघडे पडले, २०२३ मध्ये ‘सिट्रिक्स ब्लीड’ या त्रुटीने सिट्रिक्सचे गेटवे. दुहेरी ओळखतपासणी आणि त्रुटी जाहीर होताच दुरुस्ती करण्याची नेमलेली जबाबदारी या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात.

पायलट, म्हणजे छोटी प्रायोगिक सुरुवात, आयटी विभागात करू नये. तिथली माणसे अडचणीतून स्वतःच वाट काढतात आणि खरे दोष झाकले जातात. प्रत्येक प्रकारचे काम करणारे पन्नासेक जण निवडावेत, त्यांत तक्रार करणारेही असावेत. त्यानंतर विभागवार विस्तार करावा आणि प्रत्येक विभागाचे जुने पीसी पुढची महिनाअखेर पार पडेपर्यंत हलवू नयेत. त्रिमितीय आराखडे करणाऱ्यांना सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड लागते आणि दरडोई खर्च झपाट्याने चढतो, तर सतत फिरतीवर असणाऱ्यांना लॅपटॉपच सोयीचा. अशांना सुरुवातीलाच यादीतून वगळावे.